गेटवेमागच्या बेज फिल्टरला कोणते हेडर दाखवायचे आणि कोणते लपवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसचा पोस्टफिक्स मेल सर्व्हर, त्यावर स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन, आणि त्याच्याही आधी मेल गाळणारा एक मेलस्कॅनर गेटवे. स्पॅमअसॅसिनच्या बेज फिल्टरला (शिकवलेल्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढणारा भाग) ६०० चांगले मेल आणि ६०० स्पॅम शिकवले. चांगले मेल लोकांच्या इनबॉक्समधून घेतले, स्पॅम गेटवेच्या क्वारंटाइनमधून, म्हणजे अडवलेले मेल ठेवण्याच्या जागेतून. तेव्हापासून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मेलला, अगदी धडधडीत स्पॅमलासुद्धा, ‘बेज_००’, म्हणजे ‘हा नक्की चांगला मेल’ असा निकाल, लागतोय. अशा वेळी फिल्टरने हेडर (मजकुराच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळी) बघणंच बंद करावं का? नाही, तर नेमके कोणते हेडर वगळावेत?

हेडर बंद करू नका. कोणते वगळायचे याची तयार यादी मी देऊ शकतो आणि पुढे थोडी दिलीही आहे, पण तुमची अडचण यादीने पूर्ण सुटणार नाही. खरी अडचण अशी की शिकवलेल्या दोन ढिगाऱ्यांत एक फरक असा आहे ज्याचा स्पॅम असण्या-नसण्याशी काही संबंध नाही, आणि फिल्टरने नेमका तोच फरक पाठ केलाय. तो फरक शोधायचा, त्याला कारण असलेले हेडर वगळायचे आणि मग नव्याने शिकवायचं. शेवटचं काम बहुतेक जण विसरतात.

(खाली सेटिंग्ज, हेडर आणि आज्ञा यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची, आणि सेटिंगच्या नावात जिथे जागा दिसते तिथे अंडरस्कोर द्यायचा.)

तुमच्याकडे नेमकं काय घडलंय ते एका मेलवर पाहू. मेलस्कॅनर आपल्या हेडरच्या नावात संस्थेचं नाव घालतो. म्हणजे तुमच्या मेलमध्ये ‘एक्स-तुमचीसंस्था-मेलस्कॅनर: फाउंड टू बी क्लीन’ अशी ओळ असेल, आणि तिच्याखाली ‘एक्स-तुमचीसंस्था-मेलस्कॅनर-स्पॅमचेक: नॉट स्पॅम’ आणि त्यापुढे गुण, मर्यादा, लागलेल्या नियमांची नावं. स्पॅमअसॅसिन हेडरमधल्या प्रत्येक शब्दाचं वेगळं टोकन (हिशेबात धरायचा तुकडा) करतो आणि त्याच्या आधी हेडरचं नाव जोडतो, म्हणजे मजकुरातला ‘क्लीन’ वेगळा आणि या हेडरमधला ‘क्लीन’ वेगळा. तीन अक्षरांहून लहान शब्द सोडले तरी या दोन ओळींतून सहज आठ-दहा टोकनं निघतात.

इनबॉक्समधून घेतलेल्या सहाशेच्या सहाशे चांगल्या मेलमध्ये ही टोकनं आहेत. क्वारंटाइनमधल्या मेलमध्ये एक तर हे हेडर नसतातच, किंवा असले तर त्यात ‘क्लीन’ नसतो. म्हणजे फिल्टरच्या हिशेबात ‘क्लीन’ हा शब्द ६०० विरुद्ध शून्य. स्पॅमअसॅसिनच्या सूत्रात अशा टोकनची किंमत सुमारे ०.००००३ येते. शून्याच्या जवळ म्हणजे चांगला मेल, एकाच्या जवळ म्हणजे स्पॅम. आता प्रत्यक्ष वापरात काय होतं बघा. गेटवे जे पुढे सोडतो त्या प्रत्येक मेलवर ‘क्लीन’ हा शिक्का असतो, मग तो मेल खरोखर चांगला असो किंवा गेटवेच्या हातून निसटलेला स्पॅम असो. तुमच्या स्पॅमअसॅसिनकडे येणारा शंभर टक्के मेल हा शिक्का घेऊनच येतो. त्यामुळे प्रत्येकाला बेज_००.

इथे एक रास्त शंका येते. स्पॅमअसॅसिनला मेलस्कॅनरचे हेडर आधीपासून माहीत नाहीत का? माहीत आहेत. आतल्या यादीत एक्स-मेलस्कॅनर, एक्स-मेलस्कॅनर-स्पॅमचेक, एक्स-व्हायरस-स्कॅन्ड, एक्स-स्पॅम-स्टेटस, एक्स-बोगॉसिटी असे कितीतरी हेडर मुळातच वगळलेले आहेत. पण ती तुलना पूर्ण नावाशी होते. मधे संस्थेचं नाव आलं की ते नाव यादीत बसत नाही आणि हेडर आत शिरतो. गेटवे भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्यांचंही हेच. प्रत्येकाच्या हेडरचं नाव वेगळं, आणि स्पॅमअसॅसिन लिहिणाऱ्यांना ती सगळी ठाऊक असणं शक्य नाही. त्यासाठीच ‘बेज इग्नोर हेडर’ ही सेटिंग आहे.

मग हेडर सरसकट बंद का करू नयेत? कारण स्पॅम पकडणारा बराचसा पुरावा हेडरमध्ये असतो. १९९८ मध्ये पँटेल आणि लिन यांनी बेज पद्धतीचा स्पॅम फिल्टर मांडला होता. त्याचा निकाल फारसा चांगला का आला नाही याची कारणं पॉल ग्रॅहम यांनी २००३ मध्ये दिली, त्यांतलं एक हेच होतं की पँटेल आणि लिन यांनी हेडर सोडून दिले होते. ‘सोबतचं बिल पाहावे’ एवढाच मजकूर आणि एक जोडलेली फाइल असा स्पॅम घ्या. त्या तीन शब्दांत काय सापडणार? मेसेज-आयडीची घडण, पाठवणाऱ्या मशीनने सांगितलेलं नाव, एक्स-मेलरमधला सॉफ्टवेअरचा उल्लेख, कन्टेन्ट-टाइपमधली बाउंडरीची (मेलचे भाग वेगळे करणाऱ्या खुणेची) धाटणी, हेच तिथे बोलतं. स्पॅम पाठवणाऱ्याने फ्रॉम खोटा लिहिला असेल, तो खोटेपणाही उपयोगाचा असतो, कारण खोटं लिहिण्याची त्याची पद्धत ठरलेली असते.

कोणता हेडर ठेवायचा आणि कोणता वगळायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: ही ओळ कोणी लिहिली? पाठवणाऱ्याने किंवा त्याच्या सॉफ्टवेअरने लिहिली असेल तर ठेवायची, मग ती खरी असो वा खोटी. मेल पाठवणाऱ्याच्या हातून सुटल्यावर वाटेतल्या कोणी, किंवा आपल्याच घरातल्या कोणी लिहिली असेल, तर ती संशयित.

संशयित म्हणजे लगेच वगळण्याजोगी असंही नाही. इथे आकडे कामाला येतात. स्पॅमअसॅसिन ०.५ पासून ०.३४६ पेक्षा कमी अंतरावरची टोकनं हिशेबातच घेत नाही, म्हणजे साधारण ०.१५४ ते ०.८४६ या पट्ट्यातलं काहीही मोजलं जात नाही. उरलेल्यांतली जास्तीत जास्त १५० ठळक टोकनं घेऊन तो निकाल काढतो. तुमच्या सर्व्हरचं नाव चांगल्या आणि वाईट दोन्ही मेलमध्ये सारख्या प्रमाणात असेल तर त्याची किंमत ०.५ च्या आसपास राहते आणि ते आपोआप गळतं. त्याला हात लावायची गरज नाही. घातक ठरतात ते हेडर जे आपल्याकडच्या कोणीतरी लिहिलेले आहेत आणि दोन ढिगाऱ्यांपैकी एकाकडेच झुकलेले आहेत.

तर आधी मोजणी करा. अंदाजाने यादी बनवू नका. शिकवलेल्या मेलमधून ५० चांगले आणि ५० स्पॅम घ्या, दोन वेगळ्या फोल्डरांत ठेवा. प्रत्येक फाइलचा पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचा भाग म्हणजे हेडर. ऑक किंवा पर्लमधल्या छोट्या स्क्रिप्टने त्यातली फक्त कोलनच्या आधीची नावं काढा, सगळी लहान अक्षरांत करा, एका मेलमध्ये एक नाव एकदाच मोजा, आणि दोन्ही फोल्डरांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. स्पेस किंवा टॅबने सुरू होणाऱ्या ओळी आधीच्या हेडरचा पुढचा भाग असतात, त्या सोडायच्या, नाहीतर यादीत कचरा येईल. जिथे ५० विरुद्ध ० किंवा ४७ विरुद्ध ३ असा आकडा दिसेल तिथे थांबा आणि स्वतःला विचारा, ही ओळ कोणी लिहिली.

या मोजणीत दोन प्रकारचे झुकलेले हेडर दिसतील. एक प्रकार तुमच्या गेटवेचा. दुसरा खरा पुरावा असलेला. उदाहरणार्थ, इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस हे दोन हेडर चांगल्या मेलमध्ये भरपूर दिसतील आणि स्पॅममध्ये कमी, कारण लोक एकमेकांना उत्तरं देतात. तो फरक पाठवणाऱ्याकडून आलेला आहे, तो राहू द्या. यूजर-एजंटचंही तसंच.

यानंतर लोकल.सीएफ फाइलमध्ये, डेबियन आणि उबुंटूवर ती ‘ईटीसी’मधल्या ‘स्पॅमअसॅसिन’ फोल्डरात असते, गेटवेच्या प्रत्येक हेडरसाठी एक ओळ लिहा: ‘बेज इग्नोर हेडर’, मग स्पेस, मग हेडरचं पूर्ण नाव, कोलन न लावता. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. पण ताराचिन्ह टाकून ‘या नावाने सुरू होणारे सगळे’ असं सांगता येईल असं धरून चालू नका. मेलस्कॅनरच्या बाबतीत मूळ हेडर, त्याचे इन्फर्मेशन, आयडी, स्पॅमचेक, स्पॅमस्कोअर आणि फ्रॉम हे जोड हेडर, जे जे तुमच्या मोजणीत दिसले ते सगळे एकेक करून लिहा. पाच लिहून सहावा राहिला तर तो एकटासुद्धा तेवढंच नुकसान करू शकतो.

गेटवेशिवाय आणखी काही हेडर आहेत ज्यांच्याबद्दल विचार करावा लागतो.

ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स हा मेल घेणाऱ्या सर्व्हरने लिहिलेला हेडर. त्यात एसपीएफ आणि डीकेआयएम या, पाठवणारा खरा आहे का ते तपासणाऱ्या दोन पद्धतींचा निकाल असतो, म्हणजे माहिती खरी आहे. तरीही मी तो वगळतो. स्पॅमअसॅसिनचे एसपीएफ आणि डीकेआयएमचे स्वतःचे नियम आहेत, तेच दुसऱ्या वाटेने पुन्हा मोजण्यात फायदा नाही. शिवाय ‘इग्नोर’ फक्त नावावरून होतं. पाठवणाऱ्याने मुद्दाम घुसवलेला ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स आणि तुमच्या सर्व्हरने लिहिलेला, यांत तिथे फरक करता येत नाही.

एआरसीचे (वाटेतल्या सर्व्हरांनी केलेल्या तपासण्यांची नोंद ठेवणारे) तीन हेडर, एक्स-जीएम-मेसेज-स्टेट, एक्स-गूगल-डीकेआयएम-सिग्नेचर, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ कडून येणारे एक्स-मायक्रोसॉफ्ट-अँटीस्पॅम-मेसेज-इन्फो यांसारखे लांबलचक हेडर, यांचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. यांच्यात बेस६४ (कुठलाही डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) मधली अक्षरांची रांगच्या रांग असते आणि ती प्रत्येक मेलला नवी. स्पॅमअसॅसिन १५ अक्षरांपेक्षा लांब टोकन कापून छोटं करतो, तरी दर मेलमागे पुन्हा कधीच न दिसणारी टोकनं डेटाबेसमध्ये जमतात. निकालावर त्यांचा परिणाम जवळजवळ होत नाही, पण डेटाबेसची मर्यादा मुळात १,५०,००० टोकनांची असते. ती ओलांडली की सफाई होते आणि बरेच दिवस न दिसलेली टोकनं आधी जातात. ‘दिवाळी बोनस’ किंवा ‘वार्षिक सभा’ यांसारखे वर्षातून एकदाच येणारे, पण उपयोगी शब्द या सफाईत जातात आणि कालच्या मेलचा बेस६४ चा कचरा मात्र राहतो. म्हणून हे हेडरही वगळण्याच्या यादीत टाका. डीकेआयएम-सिग्नेचरची चिंता नको. तो हेडर आहे की नाही एवढंच स्पॅमअसॅसिन नोंदवतो, आतला मजकूर घेत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या हेडरांबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. ‘एक्स-एमएस-एक्स्चेंज’ने सुरू होणारे हेडर पाहून लोकांना वाटतं की हे आपल्या गेटवेने लावले. बहुतेक वेळा ते पाठवणाऱ्याच्या बाजूचे असतात, कारण समोरची कंपनी ३६५ वापरते. तुमच्या संस्थेचा मेल स्वतः ३६५ मधून येत नसेल तर त्यांतल्या छोट्या हेडरांना हात लावायची फारशी गरज नसते.

रिसीव्हड हेडरबद्दलही, म्हणजे वाटेतला प्रत्येक सर्व्हर जी ओळ लावतो तिच्याबद्दलही, भीती बाळगू नका. गेटवे मधे असला की प्रत्येक मेलमध्ये त्याची रिसीव्हड ओळ येते आणि ती सगळं बिघडवेल असं वाटतं. पण बेजसाठी स्पॅमअसॅसिन सगळ्या रिसीव्हड ओळी घेत नाही, तळाच्या दोनच घेतो, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जवळच्या. त्यातून तारखा आणि क्रमांक काढून टाकतो आणि आयपी पत्त्याचे पहिले तीन भाग धरतो. गेटवेचं नाव त्यात आलं तरी ते दोन्ही ढिगाऱ्यांत सारखंच असेल, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे गळून जाईल. अपवाद एकच: तुमचा चांगला मेल एका वाटेने आला आणि स्पॅम दुसऱ्या वाटेने गोळा केला, उदाहरणार्थ जुन्या खात्यातून फेचमेल या प्रोग्रामने ओढून आणला, तर मग रिसीव्हड ओळी वाटेचाच फरक शिकवतात. गेटवेचा आयपी ट्रस्टेड नेटवर्क्स आणि इंटर्नल नेटवर्क्स या दोन्हीत टाकलेला असणं मात्र आवश्यक आहे. हा बेजचा भाग नाही, पण आयपी तिथे नसेल तर एसपीएफ आणि ब्लॅकलिस्टचे नियम गेटवेलाच पाठवणारा समजतात आणि सगळ्या गुणांचा विचका होतो.

टू हेडर परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रत्येकाचा वेगळा बेज डेटाबेस असेल तर तो निर्धास्त ठेवा. पूर्ण ऑफिसचा एकच डेटाबेस असेल आणि ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ यांसारख्या पत्त्यांवर स्पॅमचा पाऊस पडत असेल, तर फिल्टर शिकतो की ‘इन्फो’ला आलेला मेल म्हणजे स्पॅम. मग त्या पत्त्यावर आलेल्या नव्या ग्राहकाच्या पहिल्याच चौकशीला विनाकारण जड गुण लागतात. असं दिसलं तर टू वगळा. ‘बेज इग्नोर टू’ या नावाची एक वेगळी सेटिंग आहे, तिच्याशी गल्लत करू नका. ती दिलेल्या पत्त्यावर येणारा संपूर्ण मेल बेजमधून बाहेर काढते.

सब्जेक्ट, डेट आणि मेलिंग लिस्टचे लिस्ट-आयडी, लिस्ट-अनसबस्क्राइब वगैरे हेडर आधीच वगळलेले आहेत. सब्जेक्ट वगळला म्हणून घाबरू नका. विषयाची ओळ मजकुराच्या पहिल्या परिच्छेदासारखी धरली जाते, म्हणजे तिचे शब्द आत येतातच. मराठी विषय कच्च्या मेलमध्ये बेस६४ च्या गिचमिडीत दिसतो, पण फिल्टर तो उलगडून मगच तोडतो. मजकुराच्या बाबतीत मात्र ‘नॉर्मलाइज कॅरसेट’ ही सेटिंग बघा. २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत ती मुळात चालू आहे, ३.४ वर असाल तर स्वतः चालू करावी लागते. देवनागरी मेल वेगवेगळ्या एन्कोडिंगमध्ये येत असतील तर ती चालू असल्याशिवाय एकाच शब्दाची निरनिराळी टोकनं होतात.

आता पुन्हा शिकवण्याकडे. इग्नोरच्या ओळी टाकल्या की फिल्टर त्या हेडरची टोकनं ना नव्याने साठवतो, ना मेल तपासताना विचारतो, कारण शिकताना आणि तपासताना तोडण्याचं काम एकच भाग करतो. म्हणजे जुनी ‘क्लीन’ टोकनं डेटाबेसमध्ये पडून राहिली तरी निरुपद्रवी होतात. मग पुन्हा शिकवायचं कशाला? एक कारण डेटाबेस स्वच्छ असावा हे. पण मोठं कारण ऑटोलर्न, म्हणजे येणाऱ्या मेलवरून फिल्टरने आपणहून शिकणं. ऑटोलर्न बेजचे गुण सोडून उरलेल्या नियमांवर ठरवतो: एकूण १२ च्या वर गेले आणि हेडर व मजकूर या दोन्हींतून किमान तीन-तीन गुण असले तर स्पॅम म्हणून शिकायचं. त्यात एक अडसर मात्र बेजचा आहे. बेजने स्वतः ‘हा चांगला मेल आहे’ असा ठाम निकाल दिला असेल तर तो स्पॅम म्हणून शिकला जात नाही. बेज_०० चे उणे १.९ गुण ही तशीच ठाम खूण. म्हणजे इतके दिवस तुमचा फिल्टर प्रत्येक स्पॅमला चांगला म्हणत होता आणि त्या कारणाने एकाही स्पॅमपासून आपोआप शिकत नव्हता. दुसरीकडे ०.१ पेक्षा कमी गुणांचा मेल चांगला म्हणून बिनदिक्कत शिकला जात होता. त्यात निसटलेले स्पॅमही असणारच. ती घाण मजकुराच्या टोकनांत मुरलेली आहे, इग्नोरने ती जात नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बेजला शिकवणाऱ्या ‘एसए-लर्न’ या आज्ञेला ‘बॅकअप’ पर्याय देऊन डेटाबेसची प्रत एका फाइलमध्ये काढा. लोकल.सीएफ बदला, ‘स्पॅमअसॅसिन’ला ‘लिंट’ देऊन चूक नाही ना ते पाहा, स्पॅमडी किंवा अमाविस, म्हणजे स्पॅमअसॅसिनकडून मेल तपासून घेणारा जो प्रोग्राम चालवत असाल तो, पुन्हा सुरू करा. मग ‘एसए-लर्न’ला ‘क्लिअर’ देऊन डेटाबेस रिकामा करा आणि नव्याने शिकवा.

क्लिअर न करता तेच मेल पुन्हा शिकवायला गेलात तर ६०० मेल तपासले आणि शून्य मेलपासून शिकलो असं उत्तर येईल. एकदा शिकवलेल्या मेलची नोंद वेगळी ठेवली जाते आणि तो मेल पुन्हा त्याच बाजूला मोजला जात नाही. लोक हे उत्तर न वाचता पुढे जातात आणि इग्नोरचा काही उपयोग झाला नाही असा निष्कर्ष काढतात.

आणखी एक सापळा याच्याच शेजारी आहे. तुम्ही रूट म्हणून लॉगिन करून एसए-लर्न चालवलंत, आणि अमाविस मात्र स्वतःच्या यूजरखाली चालतो, तर दोन वेगळे डेटाबेस तयार होतात. शिकवलेला एक, वापरातला दुसरा. त्यामुळे ज्या यूजरखाली फिल्टर चालतो त्याच यूजरने एसए-लर्नला ‘डंप मॅजिक’ द्या आणि एन-स्पॅम, एन-हॅम (किती स्पॅम आणि किती ‘हॅम’, म्हणजे चांगले मेल, शिकवले) हे दोन आकडे पाहा. दोन्ही किमान २०० झाल्याशिवाय बेज गुण देत नाही. क्लिअर केल्यावर तो टप्पा गाठेपर्यंत बेज गप्प राहील. हे काम शनिवारी दुपारी केलेलं बरं.

आता शिकवायला मेल कुठून आणायचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तुमच्या प्रश्नातली चूक खरं तर इथेच सुरू झाली. चांगला मेल आणि स्पॅम एकाच ठिकाणाहून, एकाच वाटेने, एकाच काळातला घ्या. गेटवेमधून निसटून इनबॉक्सपर्यंत पोहोचलेला स्पॅम हा तुमच्यासाठी सर्वांत मोलाचा स्पॅम आहे, कारण फिल्टरला यापुढे नेमका त्याच जातीचा स्पॅम ओळखायचा आहे. गेटवेने अडवलेला मेल त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. सुरुवातीला २०० जमायला वेळ लागेल, तोवर क्वारंटाइनमधला थोडा घ्या, पण गेटवेच्या हेडरची काळजी घेतल्यानंतरच.

लोकांना स्पॅम एका ठरावीक पत्त्यावर फॉरवर्ड करायला सांगू नका. फॉरवर्ड केलेल्या मेलचे हेडर फॉरवर्ड करणाऱ्याचे असतात. अकाउंट्समधल्या ज्या बाई सर्वांत इमानदारीने स्पॅम पाठवतात त्यांचा फ्रॉम, त्यांचं थंडरबर्ड आणि त्यांच्या मशीनचा आयपी फिल्टर स्पॅमची खूण म्हणून शिकतो, आणि आठवड्याभरात त्यांचेच मेल अडू लागतात. त्याऐवजी आयमॅपमध्ये ‘स्पॅम’ नावाचं फोल्डर ठेवा. मेल तिथे हलवला की डव्हकॉट या मेलबॉक्स सर्व्हरच्या आयमॅपसीव्हमधून तो जसाच्या तसा एसए-लर्नकडे पाठवता येतो. ‘सेंट’ फोल्डरमधले मेल चांगले म्हणून शिकवणंही टाळा. ते तुमच्याच प्रोग्रामने लिहिलेले आहेत आणि सर्व्हरवरून आत आलेलेच नाहीत. त्यांच्यात रिसीव्हड ओळ नसते, आणि फ्रॉम तुमचाच असतो. तुमच्याच नावाने खोटा फ्रॉम लावून येणारा स्पॅम हा फार जुना प्रकार आहे आणि अशा शिकवणीने त्याला तुम्ही आत यायची वाट करून देता.

इंटरनेटवर मिळणारे जुने स्पॅमचे साठेही नकोत. स्पॅमबेज या फिल्टरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत चांगला मेल आणि स्पॅम निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेले होते, त्यामुळे हेडर दाखवले की फिल्टर साठा ओळखायला शिकत होता. म्हणून त्यांनी रिसीव्हड हेडर खणणं मुळात बंद ठेवलं आणि ज्यांचे दोन्ही साठे एकाच पेटीतले आहेत त्यांनीच ते चालू करावं अशी सोय ठेवली.

बदल लागू झाला का हे कसं तपासायचं? गेटवेमधून निसटलेला, पण न शिकवलेला एक स्पॅम फाइलमध्ये घ्या आणि ‘स्पॅमअसॅसिन’ला ‘डी’ (इंग्रजी मोठं अक्षर) पर्यायासोबत ‘बेज’ हा शब्द देऊन तो तपासा. प्रत्येक मोजलेलं टोकन आणि त्याची किंमत ओळीओळीने दिसते. इंग्रजी ‘एच’ या अक्षराने सुरू होणारी टोकनं हेडरची. त्यातही नेहमीच्या हेडरांची नावं ताराचिन्ह आणि एक-दोन अक्षरांत आवरलेली असतात, रिसीव्हडसाठी तारा-आर, मेसेज-आयडीसाठी तारा-एम. ज्या टोकनपुढे एखाद्या अनोळखी एक्स-हेडरचं पूर्ण नाव दिसेल ते कागदावर उतरवा. ०.०१६ किंवा ०.९८७ च्या आसपासचा आकडा दिसला तर दचकू नका, ते टोकन आतापर्यंत एकाच मेलमध्ये दिसलंय एवढाच त्याचा अर्थ. शोधायचे ते ०.००१ च्या खालचे किंवा ०.९९९ च्या वरचे, म्हणजे शेकड्यांनी दिसलेले.

तरीही निकाल हटत नसेल तर निदानापुरतं ‘बेज टोकन सोर्सेस’मध्ये ‘नोहेडर’ लिहून तोच मेल पुन्हा तपासा. बेज_०० जाऊन बेज_५० किंवा बेज_९५ आला तर दोष अजून हेडरमध्येच आहे आणि तुमच्या यादीतून एखादं नाव सुटलंय. काहीच फरक पडला नाही तर दोष मजकुराच्या टोकनांत आहे, म्हणजे चुकीच्या बाजूला शिकवलेले मेल. तपासणी झाली की ती ओळ काढून टाका.

गेटवेचे हेडर पोस्टफिक्समध्येच हेडर-चेक्सने खोडून टाकावेत असंही सुचवलं जातं. काम होतं, पण उद्या एखादा मेल का अडला किंवा का सुटला हे शोधताना गेटवेने त्याला किती गुण दिले होते तो पुरावाच हाती राहत नाही. मेलमध्ये ओळ राहू द्यावी आणि बेजपुरतं तिच्याकडे दुर्लक्ष करावं, हे मला जास्त पटतं.

आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे उलटी पद्धत आहे: ‘क्लासिफाय हेडर्स’ या यादीत जे मोजके हेडर असतात, यूजर-एजंट, एक्स-मेलर, कन्टेन्ट-टाइप वगैरे, तेवढेच बेजकडे जातात. त्यामुळे गेटवेचे हेडर तिथे सहसा शिरत नाहीत. पण फिल्टर जास्त हुशार व्हावा म्हणून त्या यादीत उत्साहाने भर घातलीत तर याच घोटाळ्यात पडाल. बोगोफिल्टर हा आणखी एक फिल्टर सब्जेक्ट, फ्रॉम, टू, रिटर्न-पाथ आणि रिसीव्हड यांच्या टोकनांना वेगवेगळा उपसर्ग लावतो आणि बाकी सगळ्या हेडरांना ‘हेड’ हा एकच. तिथे ‘क्लीन’ कोणत्या हेडरमधून आला हे नंतर शोधणं अवघड जातं, म्हणून वर सांगितलेली मोजणी शिकवण्याआधीच करा.

गेटवे तुमच्या हातात नसेल तर तो चालवणारे एखाद्या अपग्रेडनंतर हेडरची नावं बदलू शकतात आणि तुम्हाला कळवतीलच असं नाही. लोकल.सीएफमध्ये ‘ॲड हेडर’ लिहून त्यात हॅमीटोकन्स (चांगल्याकडे झुकणारी टोकनं) आणि स्पॅमीटोकन्स (स्पॅमकडे झुकणारी) हे दोन साचे, कंसात ५ आकडा देऊन टाकलेत, तर प्रत्येक मेलच्या हेडरमध्येच वरची पाच-पाच टोकनं दिसत राहतात. एसए-लर्न शिकताना स्वतःच्या या ओळी काढून टाकतो, त्यामुळे त्यांची पुन्हा भर पडत नाही. अमाविसमध्ये ही सेटिंग लागू होत नाही, तिथे महिन्यातून एकदा हाताने ‘डी बेज’ चालवावं लागेल. एकाच नावाचा एक्स-हेडर सलग तीन-चार वेगवेगळ्या मेलच्या हॅमीटोकन्समध्ये दिसला, तर त्या दिवशीच तो यादीत घाला.